नोंदवही आणि आठवण : इंग्लंडच्या खेड्यांतील घराण्यांचा इतिहास

आपल्यापैकी किती जणांना आपल्या पणजीचे माहेरचे आडनाव सांगता येईल? एकदा वर्गात हा प्रश्न सहज निघाला, तेव्हा साऱ्या वर्गातून दोन-तीन हात कसेबसे वर आले. पणजोबांचे नाव मात्र बहुतेकांना ठाऊक होते. कारण ते जमिनीच्या कागदावर असते. पणजी कागदावर नव्हती आणि तिच्याविषयी सांगणारी माणसे एकेक करून गेली. म्हणून ती दोन्हीकडून नाहीशी झाली.

हाच प्रश्न इंग्लंडमधील एखाद्या खेडेगावच्या माणसाला विचारला, तर पुष्कळदा तो जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन उत्तर शोधून आणू शकतो. तेथील माणसांची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली आहे, असे याचे कारण नव्हे. त्यांच्या गावोगावचे काही कागद टिकले, आणि ते कागद वाचण्याची सवय शिक्षक, गृहिणी, पेन्शनर अशा सामान्य माणसांना लागली. तथापि या कागदांनाही मर्यादा आहेत. त्या कोणत्या, आणि त्या भरून काढण्यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींकडे का वळावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पॅरिशची नोंदपुस्तके

इंग्लंडमधील खेड्याचा जुना घटक म्हणजे ‘पॅरिश’. एक चर्च, त्याचा धर्मगुरू आणि त्या चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती व शिवार, एवढे मिळून पॅरिश होई. इ. स. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये एक वही ठेवावी, तीत आठवड्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद करावी, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. हा नव्या कराचा डाव आहे अशी शंका त्यावेळी लोकांना आली होती. ती अगदीच निराधार नव्हती असे म्हणावे लागेल; कारण पुढे १७८३ साली अशा प्रत्येक नोंदीवर खरोखरच तीन पेन्सचा कर बसला आणि तो १७९४ पर्यंत चालला. कंगाल माणसांना त्यातून सूट होती.

सुरुवातीच्या पुष्कळशा वह्या कागदाच्या होत्या व त्या खराब होत गेल्या. म्हणून १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरून काढण्याचा आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठविण्याचा नियम झाला. १७५४ पासून लॉर्ड हार्डविकच्या कायद्याप्रमाणे विवाहाच्या नोंदीवर वधूवरांची सही किंवा निशाणी घेतली जाऊ लागली. या एका गोष्टीमुळे सामान्य जनतेतील साक्षरतेचे माप हाती आले. अठराव्या शतकाच्या मध्यास सुमारे साठ टक्के वर सही करीत. वधूंमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून कमी होते. बाकीच्यांच्या नावापुढे फुली आहे. ती फुली पाहताना लेखणी धरलेला, नांगराने घट्टे पडलेला हात डोळ्यांपुढे येतो.

१ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद सरकारने आपल्याकडे घेतली. खानेसुमारी १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत होती. परंतु १८४१ पासून माणसांची नावे पद्धतशीरपणे नोंदली जाऊ लागली, आणि १८५१ पासून प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते व जन्मगावही लिहिले जाऊ लागले.

आकडे काय सांगतात?

या वह्या शतकानुशतके पेट्यांत पडून होत्या. त्यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी प्रामुख्याने विसाव्या शतकात आली. १९४८ साली लेस्टर येथे डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या पुढाकाराने इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग सुरू झाला. १९६४ मध्ये पीटर लॅसलेट आणि ई. ए. रिग्ली यांनी केंब्रिज येथे लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यासगट स्थापन केला. रिग्ली यांनी डेव्हन परगण्यातील कोलिटन या गावाची १५३८ पासूनची वही घेतली, एकेका कुटुंबाचे बाप्तिस्मे, लग्ने व दफने स्वतंत्र पत्रकावर मांडली, आणि जणू विस्कटलेली कुटुंबे पुन्हा उभी केली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलिटनमध्ये स्त्रियांचे पहिल्या लग्नाचे सरासरी वय तिशीच्या जवळ होते, असे त्यातून निघाले. पूर्वी सगळीकडे लग्ने फार लहान वयात होत, हा समज त्यामुळे निदान इंग्लंडपुरता तरी सोडावा लागला.

दुसरा समज एकत्र कुटुंबाचा. जुन्या इंग्लंडमध्ये आजोबा, मुले, नातवंडे एकाच छपराखाली नांदत, असे खुद्द इंग्रज मानीत असत. लॅसलेट यांनी शंभर वस्त्यांच्या जुन्या याद्या तपासल्या, तेव्हा घरटी सरासरी माणसे पाचांपेक्षाही कमी, म्हणजे ४.७५, भरली. बहुतेक घरांत आईबाप, मुले आणि असलाच तर एखादा गडी किंवा मोलकरीण, एवढीच माणसे होती.

तिसरा समज सर्वांत आवडता होता : ‘आमचे घराणे या गावात पूर्वापार आहे.’ नॉटिंगहॅमशायरमधील क्लेवर्थ गावाच्या धर्मगुरूने १६७६ मध्ये आणि पुन्हा १६८८ मध्ये आपल्या पॅरिशमधील माणसांची यादी केली होती. पहिल्या यादीत ४०१ माणसे आहेत, दुसरीत ४१२. वरवर पाहता गाव जसेच्या तसे आहे. प्रत्यक्षात पहिल्या यादीतील साठ टक्क्यांच्या आसपास माणसे दुसऱ्या यादीत नाहीत! काही मृत्यू पावली. पण त्याहून अधिक गाव सोडून गेली. चाकरीसाठी, लग्नासाठी, पोटासाठी माणूस हलत होता. गाव स्थिर दिसत होते. गावातील माणसे स्थिर नव्हती.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. रिग्ली व स्कोफील्ड यांचा इंग्लंडच्या लोकसंख्येच्या इतिहासावरील मोठा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. तो ४०४ पॅरिशांच्या वह्यांवर आधारलेला आहे. त्या वह्यांतील नोंदी मोजण्याचे किचकट काम बव्हंशी गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी विनामोबदला केले. पदवी नसलेला माणूसही शिस्तीने काम केल्यास शास्त्राला हातभार लावू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

गरीब माणूस कागदावर केव्हा येतो?

नोंदवहीत गरिबाचे नाव येते खरे, पण किती? जन्मताना एक ओळ, लग्नात एक, मरताना एक. मधले सारे आयुष्य कोरे. ज्याच्याजवळ जमीन नाही, ज्याला मृत्युपत्र करण्याचे कारण नाही, त्याच्याविषयी याहून अधिक कागद कोठे मिळतो? उत्तर चमत्कारिक आहे. तो अडचणीत सापडला की मिळतो.

१६०१ च्या कायद्याने आपापल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर टाकली. साहजिकच आपला गरीब कोण आणि परका कोण, हा प्रश्न उभा राहिला. १६६२ च्या कायद्याने या वस्तीहक्काला निश्चित रूप दिले. हा हक्क जन्माने, उमेदवारीने, पुढील कायद्यानुसार वर्षभर एके ठिकाणी चाकरी केल्याने, किंवा स्त्रीला नवऱ्याच्या हक्काने मिळत असे. ज्याला हा हक्क नाही अशा माणसाला, तो पॅरिशवर भार होईल या भीतीने, त्याच्या मूळ गावी परत पाठविता येई. काही शेतकरी तर गड्याला मुद्दाम एक्कावन्न आठवड्यांच्याच कराराने ठेवीत, म्हणजे वर्ष भरावयाला नको आणि हक्कही मिळावयाला नको. पोटुशी, अविवाहित मुलगी असली, तर तिला बाळंत होण्यापूर्वीच हद्दीबाहेर काढण्याची घाई होई. कारण मूल जेथे जन्मेल तेथला हक्क त्याला मिळे.

अशा माणसाला न्यायाधीशापुढे उभे करून त्याची जबानी घेत. जन्म कोठे झाला, चाकरी कोठे कोठे केली, मजुरी काय होती, लग्न केव्हा झाले, मुले किती, हे सारे त्या जबानीत येई आणि शेवटी त्याची फुली. लक्षावधी मजुरांनी आपले आयुष्य कधीच लिहिले नाही. परंतु ज्यांना गावाबाहेर काढावयाचे होते, त्यांचे आयुष्य मात्र दहा-बारा ओळींत लिहून ठेवले गेले. आज एखादा वंशज दप्तरखान्यात ही जबानी वाचतो, तेव्हा आपल्या पूर्वजाचा शोध लागल्याचा आनंद आणि तो शोध का लागला याची खंत, ही दोन्ही त्याच्या मनात एकाच वेळी येत असली पाहिजेत.

बाकांवरून लिहिलेला इतिहास

कागद आणि आठवण यांची सांगड फार पूर्वी एका माणसाने घातली होती. श्रॉपशायरमधील मिडल या पॅरिशमध्ये १६३५ साली जन्मलेल्या रिचर्ड गॉफ या लहानशा जमीनदाराने १७०० ते १७०२ या काळात, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, आपल्या गावाचा इतिहास लिहिला. त्याची रचना मोठी विलक्षण आहे. त्या काळी चर्चमधील प्रत्येक बाक ठरावीक घराच्या किंवा शेताच्या मालकीचा असे. मोठी कुळे पुढे, झोपडीवाले मागे. आणि बाकांवरून तंटेही होत. गॉफने चर्चचा नकाशा काढला आणि बाकामागून बाक घेत त्या त्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबांची हकीकत सांगितली. कोणी दारूत जमीन घालविली, कोणाचा संसार चांगला झाला, कोण कोर्टकचेऱ्यांत बुडाला, हे सारे तो निर्भीडपणे सांगतो.

गॉफला कागद पाहण्याची सवय होती, त्यामुळे तो भाडेपट्टे व नोंदी यांचा आधार घेतो. पण त्याचे खरे भांडवल म्हणजे स्वतःची आणि वडीलधाऱ्यांची आठवण. इंग्लंडच्या यादवी युद्धाविषयी आपण राजा आणि पार्लमेंट यांच्या नावांनी शिकतो. गॉफ सांगतो, की मिडल, मार्टन व न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस माणसे राजाच्या बाजूने लढावयास गेली व त्यांतील तेरा मारली गेली. तो त्यांची नावेही देतो. युद्ध म्हणजे काय, हे त्या तेरा नावांवरून जितके कळते तितके सेनापतींच्या चरित्रांवरून कळत नाही.

शेजाऱ्याला विचारावे

गॉफनंतर अडीचशे वर्षांनी, १९४८ साली, जॉर्ज एवार्ट एव्हान्स हे वेल्समधील लेखक सफोक परगण्यातील ब्लॅक्सहॉल या खेड्यात राहावयास आले. त्यांची पत्नी तेथील शाळेत शिक्षिका होती. शेजारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेले मेंढपाळ, शेतमजूर, त्यांच्या बायका असे लोक होते. त्यांच्याशी बोलता बोलता एव्हान्स यांच्या लक्षात आले, की सोळाव्या शतकातील शेतकरी-कवी टॉमस टसर याच्या पुस्तकात जे शब्द विद्वानांना टीपा देऊन समजावून सांगावे लागतात, ते या म्हाताऱ्यांच्या तोंडी सहज आहेत. कारण उघड होते. अवजारे तीच, काम तेच, म्हणून शब्दही तेच. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे आली, आणि ती साखळी याच पिढीपाशी तुटणार होती. १९५६ साली त्यांचे ‘आस्क द फेलोज हू कट द हे’ हे पुस्तक निघाले. गवत कापणाऱ्यांनाच जाऊन विचारा, असा त्याच्या नावाचा आशय आहे.

त्या पूर्व इंग्लंडमधील सुगीचे वर्णन आपल्याकडील माणसालाही ओळखीचे वाटेल. कापणीला मजुरांची टोळी लागे. टोळीचा एक म्होरक्या असे; त्याला ‘लॉर्ड’ म्हणत. मालकाशी मजुरी ठरविण्याचे काम त्याचे, आणि शेतात सर्वांच्या पुढे राहून विळ्याची लय धरण्याचेही त्याचेच. कापणीनंतर बायका-मुले सरवा वेचीत. शेतात एक पेंढी उभी ठेवलेली असेपर्यंत आत शिरावयाचे नाही, असा रिवाज होता. त्या पेंढीला गमतीने ‘शिपाई’ म्हणत. पेंढी उचलली की सरवा मोकळा. या धान्यावर गरिबाच्या घरचा हिवाळ्यातील पिठाचा पुष्कळसा भार असे. मजुरीच्या हिशेबात मालकाच्या वहीत नवऱ्याचे नाव आहे. सरवा वेचणारी बायको कोणत्याही वहीत नाही. ती फक्त आठवणीत आहे.

पुढे हे काम वाढत गेले. १९६५ मध्ये स्त्रियांच्या ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ या ग्रामीण संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अनेक गावांतील भगिनींनी आपापल्या गावाची चिकटवह्या तयार करून नोंद ठेवली. १९७३ साली मौखिक इतिहासाची संस्था स्थापन झाली, आणि १९७४ साली घराण्यांच्या इतिहासमंडळांचा संघ.

आठवणीवर किती भिस्त ठेवावी?

तथापि आठवण म्हणजे पुरावा नव्हे, निदान एकटी नव्हे. म्हातारी माणसे प्रसंग अचूक सांगतात आणि साल चुकवितात. दोन दुष्काळांचा एक दुष्काळ होतो. शिवाय जे लाजिरवाणे असते ते गाळले जाते. १८३४ नंतर जी अनाथगृहवजा ‘वर्कहाउस’ उभी राहिली, त्यांची दहशत खेड्यांत खोल रुतलेली होती. म्हणून आपल्या आजीला तेथे मरण आले ही गोष्ट घरोघर लपविली जाई. येथे नोंदवहीच खरे बोलते.

गावाची आठवण कशी घडविली जाते, याचे उदाहरण डर्बीशायरमधील ईम या गावाचे आहे. १६६५-६६ मध्ये तेथे प्लेगची भयंकर साथ आली. विल्यम मॉम्पेसन या तरुण धर्मगुरूच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी साथ बाहेर पसरू नये म्हणून स्वतःला गावातच कोंडून घेतले. मॉम्पेसनची पत्नी त्यातच गेली. मूळ घटना व मृत्यू खरे आहेत. परंतु आज प्रवाशांना जी त्यागाची व प्रेमाची कथा ऐकविली जाते, तिचा बराचसा भाग अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कवींनी व लेखकांनी रंगविलेला आहे, असे अलीकडील संशोधन दाखविते. रोनल्ड ब्लाइद यांच्या १९६९ मधील ‘एकनफील्ड’ या गाजलेल्या पुस्तकाविषयीही अशीच सावधगिरी बाळगावी लागते. त्यातील माणसांचे बोल अस्सल वाटतात. पण गावाचे नाव कल्पित आहे आणि लेखकाचा हातही त्यात आहे.

म्हणजे नोंदवही नाव व तारीख सांगते, पण जगणे सांगत नाही. आठवण जगणे सांगते, पण तारीख व अडचणीची गोष्ट सांगत नाही. दोहोंना समोरासमोर बसविले तरच गावाचा इतिहास हाती लागतो. कागद मात्र थांबू शकतो, आठवण थांबत नाही. इंग्लंडमध्ये खानेसुमारीचे मूळ कागद शंभर वर्षांनी खुले होतात. १९२१ चे कागद २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळून गेले, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही. १९५१ चे कागद खुले होण्यास २०५२ साल उजाडेल. मधल्या तीस वर्षांसाठी युद्धाच्या तोंडावर १९३९ मध्ये केलेली एक नोंदणी आहे. बाकी भिस्त आहे ती त्या काळात लहान असलेल्या माणसांवर, आणि ती माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत.

आपल्यासाठी

इंग्लंडसारखी पॅरिशची वही आपल्याकडे गावोगाव नव्हती. पण आपण अगदीच निष्कांचन नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असलेली कोतवाल बुके आहेत, शाळेची दाखल-खारीज रजिस्टरे आहेत, आणि काही घराण्यांचे कुलवृत्तान्त आहेत. त्र्यं. ना. आत्रे यांनी १९१५ साली ‘गांवगाडा’ लिहून गाव कसे पाहावे याचा धडाही घालून दिला आहे. उणीव आहे ती गॉफप्रमाणे बाकामागून बाक, घरामागून घर जाण्याच्या चिकाटीची.

सुट्टीत गावी गेल्यावर एवढे करता येईल. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावे. तारखा विचारू नयेत, काम विचारावे. पहाटे काय करीत होतीस, पाणी कोठून आणीत होतीस, सुगीत तुझ्या वाट्याला काय येई, हे विचारावे. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे, आणि मग जो कागद सापडेल त्याच्याशी ताडून पाहावे.

आणि उठण्यापूर्वी तिच्या आईचे माहेरचे आडनाव विचारावे. इंग्लंडच्या जुन्या वह्यांतही कित्येक शतके मुलापुढे पुष्कळदा फक्त बापाचे नाव आहे. आईचे माहेरचे आडनाव लिहिण्याचा रकाना १८३७ च्या सरकारी जन्मनोंदीत सर्वांसाठी आला. आपल्याकडे तो रकाना आपणच आखावयाचा आहे, आणि ते सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच तो भरता येईल.